निवटी : चिखलात शेत राखणारा मासा



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मुळशी तालुका म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यालगतचा मुलूख. येथे पाऊस उदंड, भातखाचरे उदंड, डोंगरांचे तर विचारूच नका. पण समुद्र मात्र नाही. समुद्राशी आपला संबंध काय, तर आठवड्याच्या बाजारात येणारे सुके बोंबील आणि सुकट एवढाच. असे असता, खाडीच्या चिखलात राहणाऱ्या वीतभर माशासंबंधी येथे येऊन बोलावे, हे औचित्याला धरून आहे काय, अशी शंका कोणी घेतली तर मी त्याला दोष देणार नाही.

म्हणून विषयाला हात घालण्यापूर्वी मीच आपल्याला एक प्रश्न विचारतो. आपल्या मुळशी धरणाचे पाणी जाते कोठे?

शाळेतला मुलगा चटकन उत्तर देईल की, मुळा पुण्याला मुठेला मिळते, मुळामुठा भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. भूगोलाच्या पुस्तकाप्रमाणे हे उत्तर बिनचूक आहे. परंतु १९२७ साली धरण उभे राहिले तेव्हापासून या पाण्याला माणसाने दुसरी वाट दाखवली. धरणातले पाणी बोगद्यातून आणि नळांतून पश्चिमेकडे वळवून सह्याद्रीच्या कड्याखाली सुमारे पाचशे मीटर उतरवले जाते. पायथ्याशी भिरा येथील वीजघरात ते चक्रे फिरवते आणि मग कुंडलिका नदीत सोडले जाते. तेथून कोलाड, रोहा, आणि पुढे एका हाताला रेवदंडा व दुसऱ्या हाताला कोर्लईचा किल्ला यांच्यामधून ते अरबी समुद्राला मिळते. बंगालच्या उपसागराकडे निघालेले पाणी अरबी समुद्रात जाते, ते असे. कोकणातल्या कितीतरी नद्या चैत्र-वैशाखात गोट्यांवर येतात. त्या दिवसांतही कोलाडला कुंडलिका खळाळती असते आणि तिच्यात नावा सोडण्याचा खेळ चालतो, तो ह्याच पाण्यावर.

ह्या धरणासाठी येथल्या सुमारे पन्नास गावांना काय सोसावे लागले, १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह कसा झाला, हे मी आपल्याला सांगणे म्हणजे काशीच्या माणसाला गंगा दाखवण्यासारखे आहे. मला एवढेच म्हणायचे आहे की, कुंडलिकेची खाडी आपल्याला परकी नाही. आपल्या डोंगरावर पडलेल्या पावसाचा काही अंश तेथे रोज पोचतो. मग त्या पाण्याच्या शेवटी कोण राहते, ते कसे जगते, एवढी विचारपूस करणे शेजारधर्माला धरूनच होईल. त्या शेजाऱ्याचे नाव निवटी.

ओहोटीच्या वेळी खाडीच्या काठी उभे राहिलात, तर प्रथम दिसतो तो नुसता चिखल. काळपट, चकचकीत, दूरवर पसरलेला. काही हलत नाही, काही उगवलेले दिसत नाही. पण पाच मिनिटे स्तब्ध उभे राहा. चिखलावर येथे तेथे काहीतरी सरपटू लागते. एखादे उंच उडी मारते आणि थपकन खाली पडते. नीट पाहिले तर तो मासा! पाणी ओसरून गेले आहे, ऊन चढते आहे, आणि मासा उघड्यावर पोटावर पडून निवांत चरतो आहे. आपण पाऊल उचलले की सगळ्यांचे सगळे क्षणात बिळांत गडप होतात आणि पुन्हा तोच ओसाड चिखल.

हीच निवटी. काही गावी तिला नेवटी म्हणतात, काही गावी निवटा किंवा नेवटा. शास्त्रज्ञांनी तिला दिलेले नाव उच्चारायला अवघड आहे, बोलिऑफ्थॅल्मस दुसुमिएरी. त्यातील पहिल्या शब्दाचा अर्थ ‘बाहेर फेकलेल्या डोळ्यांचा’ असा होतो. दुसरा शब्द दुसूमिए नावाच्या फ्रेंच दर्यावर्दी व्यापाऱ्यावरून आला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा गृहस्थ हिंदी महासागरात व्यापारासाठी फिरे आणि जाता जाता प्राण्यांचे नमुने गोळा करून पॅरिसच्या संग्रहालयाला देई. मुंबईच्या किनाऱ्यावरून गेलेल्या नमुन्यांवरून व्हॅलेन्सिएन या शास्त्रज्ञाने १८३७ साली ह्या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. म्हणजे जगाला ह्या माशाची शास्त्रीय ओळख झाली ती आपल्याच किनाऱ्यावरून. इराणी आखातापासून कराची, कच्छ, मुंबई असा तिचा मुलूख आहे. वितीहून लांब निवटी सहसा सापडत नाही.

ओहोटीला चिखलावर फिरणारे हिचे भाऊबंद आणखीही आहेत. तिवरांच्या मुळांपाशी, जरा उंचावर, अंगाने लहान असा एक मासा असतो. तो किडे आणि बारीक खेकडे पकडून खातो. अगदी खाली, जेथे चिखल पातळ असतो, तेथे एक सडपातळ जात राहते. मधल्या मोकळ्या चिखलपट्टीवर मालकी निवटीची. तिघांनी आपापसांत खाडीकाठ असा वाटून घेतला आहे.

आता, मासा पाण्याबाहेर जगतो कसा? आपण नदीतला मासा काठावर टाकला तर तो तडफडून मरतो. त्याचे कारण असे की, माशाचे कल्ले पाण्यात एकमेकांपासून सुटे राहतात. हवेत ते ओल्या कागदाच्या पानांप्रमाणे चिकटून बसतात आणि प्राणवायू घेण्याचे त्यांचे काम थांबते. निवटीने यावर दोन तोडगे काढले आहेत. एक, बाहेर पडताना ती कल्ल्यांच्या पोकळीत हवा आणि पाणी यांचा साठा घेऊन निघते. म्हणून तिचे गाल फुगलेले दिसतात. दुसरा तोडगा अधिक नामी आहे. तिच्या कातडीत आणि तोंडाच्या आतल्या अस्तरात बारीक रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. त्यांतून ती हवेतला प्राणवायू सरळ रक्तात घेते, बेडूक घेतो तसाच. अट एकच, कातडी ओली राहिली पाहिजे. म्हणून निवटी मधूनमधून डबक्यात जाऊन कुशीवर लोळते. आपली म्हैस डबक्यात बसते तेव्हा तिला उकाड्यापासून सुटका हवी असते. निवटीचे लोळणे हे श्वास चालू ठेवण्यासाठी असते.

चालण्याचे साधन म्हणजे छातीवरचे दोन पर. ते पायांसारखे जाड आणि स्नायूंनी बळकट असतात. कुबड्या घेतलेला मनुष्य जसा दोन्ही कुबड्या एकदम पुढे टाकून अंग ओढतो, तशी निवटी दोन्ही पर एकदम पुढे रोवते आणि शरीर पुढे खेचते. घाई असली की शेपटी आखडून उडी घेते.

आणि ते डोळे! डोक्याच्या अगदी माथ्यावर, जवळजवळ, बेडकासारखे उठलेले. त्यामुळे अंग पाण्यात ठेवून नुसते डोळे बाहेर काढता येतात आणि सभोवार बगळ्यावर नजर ठेवता येते. माशांना आपल्यासारख्या हलत्या पापण्या नसतात. पाण्यात डोळा आपोआप धुतला जातो, पापणीची गरज काय? हवेत मात्र डोळा सुकतो, त्यावर धूळ बसते. निवटीच्या गोताचे हे मासे डोळा क्षणभर खाली खाचेत ओढून घेतात. तेथे ओलावा असतो; डोळा भिजून, पुसला जाऊन पुन्हा वर येतो. हे त्यांचे डोळे मिचकावणे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दाखवले गेले की, माणूस ज्या तीन कामांसाठी पापणी लववतो, म्हणजे डोळा ओला ठेवणे, साफ करणे आणि इजेपासून वाचवणे, त्याच तीन कामांसाठी हे मासे डोळा मिचकावतात.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. निवटी पाहिली की पुष्कळांना वाटते, हाच तो पाण्यातून जमिनीवर आलेला आपला आद्य पूर्वज. तसे नाही. जमिनीवरच्या चतुष्पादांचे पूर्वज निराळ्या जातीचे, मांसल परांचे मासे होते आणि ते सदतीस कोटी वर्षांच्या सुमारास होऊन गेले. निवटीचे कूळ त्या मानाने फार अलीकडचे. तिने आपल्या पूर्वजांची वाट चोखाळलेली नाही. तोच प्रश्न तिने स्वतंत्रपणे, आपल्या रीतीने सोडवला आहे. आणि जमीन गाठण्याची तिला घाईही नाही. पाणी आणि जमीन यांच्यामधल्या काही तासांवर तिचा संसार चालतो.

हा संसार चालतो कशावर? तिच्या भावकीतले काही मासे मांसाहारी, पण निवटी शाकाहारी आहे, आणि तिचे धान्य त्याच ‘ओसाड’ चिखलात पिकते. ओहोटीला उन्हात चिखलाकडे तिरप्या नजरेने पाहा. त्यावर सोनेरी-तपकिरी झाक दिसेल. ती झाक म्हणजे कोट्यवधी सूक्ष्म वनस्पती. इंग्रजीत त्यांना डायाटम म्हणतात. मराठीत त्यांना करंडक असे समर्पक नाव दिले गेले आहे, कारण प्रत्येकीचे कवच करंड्याप्रमाणे तळ आणि झाकण असे दोन भागांचे असते. हे कवच काचेच्याच जातीच्या द्रव्याचे, म्हणजे सिलिकाचे असते. पाणी ओसरून ऊन पडले की हे करंडक चिखलातून वर सरकतात, सूर्यप्रकाशात आपले अन्न तयार करतात आणि भरती यायच्या सुमारास पुन्हा खाली उतरतात. डोळ्यांना न दिसणारे हे जीव क्षुद्र समजू नका. पृथ्वीवर वनस्पती सूर्यप्रकाशावर जेवढे अन्न तयार करतात, त्याचा सुमारे पाचवा हिस्सा सगळ्या समुद्रांतल्या आणि गोड्या पाण्यांतल्या करंडकांच्या वाट्याचा आहे.

आणि येथे आपला, डोंगरावरच्या माणसांचा, पुन्हा संबंध येतो. करंडकाला कवच करायला सिलिका हवी. ती मुख्यतः खडकांची झीज होऊन नद्यांच्या पाण्याबरोबर समुद्राला मिळते. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण वजनाने जवळजवळ निम्मा सिलिकाचा आहे. पावसाचे पाणी तो कणाकणाने विरघळवते आणि खाली नेते. खाडीतला तो काळा चिखलदेखील पुष्कळसा सह्याद्रीचीच माती. तेव्हा निवटीच्या ताटातले अन्न खाडीत शिजते खरे, पण त्याचा शिधा घाटावरून आणि डोंगरउतारावरून जातो.

हे धान्य खाण्याचे तिचे तंत्र पाहण्यासारखे आहे. तिच्या खालच्या जबड्याचे दात उभे नसून आडवे, पुढे आलेले असतात, फावड्याच्या पात्यासारखे. तोंड चिखलाला टेकवून ती मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवते आणि वरचा पातळ थर तेवढा खरवडून घेते. ती सरकून गेल्यावर चिखलावर कमानीसारख्या खुणा उरतात, विळ्याने गवत कापीत गेल्यावर उरतात तशा. मग तोंडातल्या पाण्यात तो गाळ घोळून ती करंडक ठेवते आणि चिखल टाकते. मुंबईत के. बी. मुत्सद्दी आणि डी. व्ही. बाळ यांनी १९६९–७० च्या सुमारास निवटीच्या आहाराचा आणि विणीचा अभ्यास प्रसिद्ध केला. घरच्या माणसांनी घरच्या माशाकडे शास्त्राच्या नजरेने पाहिल्याचे ते चांगले उदाहरण आहे.

आता मी जे सांगणार आहे, ते येथल्या भातशेती करणाऱ्या मंडळींनी विशेष लक्ष देऊन ऐकावे. कुवेतच्या उपसागरात ह्याच जातीची निवटी विपुल आहे. तेथे क्लेटन आणि व्हॉन या दोन संशोधकांनी १९८२ साली एक निरीक्षण प्रसिद्ध केले. चिखलपट्टीवर निवट्यांची दाटी झाली की प्रत्येक निवटी आपल्या बिळाभोवती चिखलाची बुटकी भिंत घालते. तोंडात चिखल भरून आणायचा आणि कडेला रचायचा. शेजारीपाजारी सगळ्या असेच करतात, आणि भिंतीला भिंत लागून सबंध किनाऱ्यावर पाच-सहा बाजूंच्या तुकड्यांची जाळी तयार होते. उंचावरून पाहिले तर भातखाचरांचा नकाशाच!

भिंत कशासाठी? क्लेटन यांनी पुढे याचाही शोध घेतला. भिंतीमुळे ओहोटीनंतरही खाचरात थोडे पाणी साचून राहते. ओल राहिली की करंडकांचे पीक चांगले येते. शिवाय भिंतीच्या आडोशाने शेजारी एकमेकांच्या डोळ्यांसमोर येत नाहीत आणि तंटे कमी होतात. बांध हा पाणी धरण्यासाठी आणि भावकीतला कज्जा टाळण्यासाठी असतो, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. फरक एवढाच की, आपण बांध एकदा घातला की तो वर्षे टिकतो. निवटीचा बांध भरतीची लाट चाटून जाते, आणि ओहोटीला तिला डागडुजी करावीच लागते. स्वतःच्या तुकड्याला ती किती जपते, हे पाहायचे असेल तर दोन निवट्या समोरासमोर आलेल्या पाहाव्यात. पाठीवरचे पर शिडासारखे उभारायचे, जबडा आ वासायचा आणि शत्रू मागे हटेपर्यंत तसेच ठाण मांडून राहायचे.

तिचे घर म्हणजे बीळ. भरतीला मोठे मासे चरायला येतात, ओहोटीला बगळे आणि वंचक टपलेले असतात; दोघांपासून बिळातच आसरा. पण बिळात एक मोठी अडचण आहे. खाडीच्या चिखलात बोटभर खाली गेले की प्राणवायू जवळजवळ नसतोच. चिखल उकरला की कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो, तो त्याचाच पुरावा. मोठा मासा वर येऊन श्वास घेईल. पण अंड्यांनी काय करावे?

ह्या प्रश्नाचे उत्तर जपानमध्ये सापडले. निवटीच्या गोतातल्या तेथल्या एका लहान जातीवर नागासाकी विद्यापीठाच्या इशिमात्सू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केले आणि २००७ साली ते प्रसिद्ध केले. ह्या माशाच्या बिळाला वर वळलेली एक खोली असते. मादी तिच्या छताला अंडी चिकटवते आणि पुढची राखण नर करतो. ओहोटी लागली की नर वर येतो, तोंडभर हवा घेतो, बिळात शिरतो आणि ती हवा खोलीत सोडतो. पुन्हा वर, पुन्हा खाली. अशा खेपा घालून तो अंड्यांभोवती हवेचा साठा करून ठेवतो. पाण्यातल्या माशाची अंडी पाण्याखालच्या बिळात हवेत वाढतात, ती बापाच्या तोंडी वाहतुकीवर.

याहून मोठे आश्चर्य पुढेच आहे. अंडी तयार झाली की ती फुटण्यासाठी पाण्यात बुडावी लागतात. तेव्हा रात्रीच्या भरतीला हाच नर उलटे काम आरंभतो. खोलीतली हवा तोंडात भरून बाहेर नेऊन सोडतो. हवा गेली की खोलीत पाणी चढते, अंडी फुटतात आणि पिले भरतीच्या पाण्याबरोबर बाहेर पडतात. कोणत्या दिवशी हवा आणायची आणि कोणत्या दिवशी काढायची, हे त्याला चुकत नाही. ही पिले काही आठवडे पाण्यात तरंगत वाढतात आणि मग एखाद्या चिखलपट्टीवर उतरून बीळ धरतात. ती पट्टी जागेवर असली पाहिजे, एवढेच.

खाडीकाठच्या माणसांना निवटी पूर्वापार ठाऊक आहे, अर्थात पातेल्याच्या वाटेने. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताज्या माशाची तहान भागवतात त्या खाडीतल्याच गोष्टी. खेकडे, कोलीम, कालवे आणि निवट्या. आगरी, कोळी, कातकरी स्त्रीपुरुष ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरतात. बिळात खांद्यापर्यंत हात घालून निवटी धरणे हे कसबाचे काम आहे. बुळबुळीत अंगाला राख किंवा मीठ चोळून ती साफ करावी लागते. तिचे आंबट-तिखट कालवण ज्याने खाल्ले आहे, तो पापलेटाचे फार कौतुक करीत नाही. मोठ्या बाजारात हिला फारसा भाव नाही, पण ज्यांच्याजवळ नाव नाही, जाळे नाही, अशा घरांना ही दोन हातांच्या बळावर मिळणारी मासळी आहे. तिचे मोल रुपयांत मांडता येत नाही ते यामुळेच.

ही सगळी हकिकत ऐकल्यावर त्या चिखलाला ओसाड म्हणण्याचे धाडस आपल्याला होईल काय? पण कागदोपत्री तो दीर्घकाळ ओसाडच होता. खाडी म्हणजे कचरा टाकण्याची जागा आणि चिखलपट्टी म्हणजे भराव घालून ‘उपयोगात’ आणावयाची पडीक जमीन, हीच समजूत होती. मुंबई वाढली ती खाड्या बुजवीत वाढली. पलीकडे नवी मुंबई उभी राहिली, १९८९ साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले. शहरे हवीत, बंदरे हवीत, त्यांवाचून लाखोंना काम मिळाले नसते, हे मला मान्य आहे. पण भराव पडला तेव्हा किती बिळे आणि किती घरांचे कालवण त्याखाली गेले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही, कारण तेथे काही आहे असेच कोणाला वाटले नव्हते.

दुसरे संकट भरावाहून लबाड आहे, कारण ते दिसत नाही. कारखान्यांचे सांडपाणी आणि गावांचा मैला नदीवाटे खाडीत येतो आणि त्यातली विषारी द्रव्ये गाळाच्या कणांना चिकटून चिखलावर बसतात. निवटी तर तोच वरचा थर खरवडून खाते, त्याच चिखलात लोळते, कातडीने श्वास घेते. खाडी बिघडल्याची झळ तिला सर्वांआधी लागणार, हे उघड आहे. म्हणूनच संशोधक तिच्या शरीरातील जड धातू मोजून खाडीची प्रकृती ओळखतात. आपली कुंडलिका याला अपवाद नाही. रोह्याजवळ धाटावला रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली केलेल्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत कुंडलिकेचे नाव आहे. डोंगरावरून स्वच्छ निघालेले पाणी वाटेत काय काय घेऊन जाते, याचा तो दाखला.

चित्र सर्वस्वी निराशेचे मात्र नाही. १९९१ साली किनारपट्टीच्या नियमनाची अधिसूचना निघाली. तिच्या २०११ च्या सुधारित रूपात तिवरांबरोबरच जिवंत चिखलपट्ट्यांनाही नाजूक क्षेत्र म्हणून संरक्षण मिळाले. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील कांदळवनांची तोड थांबवण्याचा आदेश दिला, आणि २०१२ साली राज्याच्या वनविभागात त्यासाठी स्वतंत्र कांदळवन कक्ष निघाला. ठाण्याच्या खाडीचा एक भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाला आणि २०२२ साली त्याची गणना जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांत झाली. रोहित पाहायला माणसे दुर्बिणी घेऊन जातात. त्याच चिखलावर, रोहिताच्या पायांशी, निवटी चरत असते. तिच्यासाठी कोणी दुर्बीण नेत नाही, पण अभयारण्याचा आसरा तिलाही मिळाला, हे काय थोडे झाले?

श्रोतेहो, कायदा कागदावर असतो आणि चिखल जागेवर असतो. दोहोंची गाठ घालायची तर त्या जागेकडे पाहण्याची आपली नजर बदलली पाहिजे. आणि ही गोष्ट मी मुळशीत सांगण्याचे खरे कारण आता आपल्या ध्यानात आले असेल. शंभर वर्षांपूर्वी ह्याच खोऱ्यातली खाचरे, देवळे, वहिवाटीच्या वाटा एकरांच्या आकड्यांत मोजल्या गेल्या आणि पाण्याखाली गेल्या. मोजणाऱ्याला तेथे नुसती जागा दिसत होती. राहणाऱ्याला तेथे पिढ्यान्‌पिढ्या घातलेले बांध दिसत होते. जागा रिकामी आहे की भरलेली, हे बाहेरच्या माणसाने उंचावरून पाहून ठरवायचे नसते, ते तेथे वाकून पाहिल्याशिवाय कळत नाही, हा धडा तुम्ही मंडळी फार मोठी किंमत देऊन शिकला आहात. निवटीच्या बाजूने बोलण्याचा अधिकार म्हणूनच मला तुमच्याजवळ अधिक वाटतो.

उद्या ताम्हिणी उतरून आपण कोकणात जाल, तेव्हा रेवदंड्याच्या पुलावर ओहोटीची वेळ साधून पाच मिनिटे थांबा. मुलांना बरोबर घ्या. प्रथम चिखलच दिसेल, धीर धरा. मग डोळे दिसतील, मग उडी दिसेल. खालून वाहणारे पाणी कोठून आले, ते त्या मुलांना आपणच सांगा.